पाव नंबरचा चष्मा

मी आता जुना झालो आहे, मित्रांनो. एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मापाचा मी चष्मा. जांभळी फ्रेम, उजवी दांडी किंचित वाकलेली, डाव्या काचेवर एक बारीक चरा. मुलुंड पूर्वेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, टीव्हीशेजारच्या फळीवर माझी डबी असते. तिचं झाकण नीट लागत नाही, म्हणून घरातलं सगळं मला ऐकू येतं. आता मला कोणी घालत नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं, की ज्या दिवसांत मला रोज घातलं जात होतं, त्या दिवसांत माझा काहीही उपयोग नव्हता. आणि ते फक्त मला आणि एका लहान मुलीला ठाऊक होतं.

माझी फ्रेम एका खोक्यातून दुकानात आली. काचा अंधेरीच्या एका कारखान्यात घासल्या, कापल्या आणि फ्रेममध्ये बसवल्या. दुकान गव्हाणपाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं आणि ते सुलक्षणाताई चालवायच्या. नंबरही त्याच तपासायच्या. लोक त्यांना डॉक्टर म्हणायचे आणि त्या दर वेळी सांगायच्या, "मी डॉक्टर नाही हो. मी डोळ्यांचा नंबर काढते."

दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी जान्हवी आपल्या मुलीला घेऊन तिथे आली. मुलीचं नाव श्रुतिका. चौथीत होती. तिचं डोकं दुखत होतं, रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीनदा. वर्गशिक्षिकेनं सांगितलं होतं, एकदा डोळे तपासून घ्या. सुलक्षणाताईंनी तिला खुर्चीवर बसवलं, समोरची अक्षरं वाचायला लावली, काचा बदलून बदलून पाहिल्या.

"पाव नंबर आहे," त्या म्हणाल्या. "नसल्यासारखाच. घातला नाही तरी चालेल. पण डोकं दुखतंय म्हणताय, तर महिनाभर घालून बघा."

जान्हवीनं मोठा श्वास सोडला. कारण सापडलं होतं. श्रुतिका आरशासमोर गेली आणि तिनं सगळ्या फ्रेमांमधून मला उचललं. "आई, हा. बाकी सगळे आजोबांचे वाटतात."

चार दिवसांनी मी तिच्या नाकावर बसून घरी आलो. पहिला आठवडा फार आनंदाचा गेला. तिचं डोकं दुखलं नाही. तिचा बाबा नितेश लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. संध्याकाळी आल्यावर तो म्हणाला, "बघितलंस? एका चष्म्यात काम झालं." आजी शेवंतीनं पदरानं माझ्या काचा पुसल्या. जान्हवीनं शेजारणीला फोनवर सांगितलं, चष्म्यानं गुण आला. मला इतका अभिमान वाटला, की मीही ते खरं मानलं.

दुसऱ्या आठवड्यात श्रुतिका सकाळी उठली आणि मला डोळ्यांवर चढवायच्या आधीच दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. मग मोरीकडे धावली आणि उलटी केली. पोटात काही नव्हतं, नुसतं पाणी पडलं. अर्ध्या तासानं ती बरी झाली, दूध प्यायली आणि शाळेत गेली. दोन दिवसांनी पुन्हा तसंच झालं. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

ती वेळ घरात सगळ्यात धावपळीची. जान्हवी एका पोळीभाजी केंद्रात काम करायची, सहालाच निघायची. नितेशही सातला बाहेर. मोरीपाशी उभी असायची ती शेवंती. संध्याकाळी सून आली की ती आपल्या मालवणीत नातीबद्दल सांगायची, "जान्हवी, चेडू आज परत ओकला गो."

"रात्री चिप्स खाल्ले असतील, आई."

"चिप्स नाय नि काय नाय. माका ह्या बरा दिसणा नाय."

मग आईबाबा तिला नाक्यावरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर प्रेमळ होते, पण बाहेर तीस माणसं बसलेली. पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. ॲसिडिटी, म्हणाले, आणि गुलाबी औषध दिलं. दहा दिवसांनी पुन्हा गेले, तर जंतांची गोळी मिळाली. त्यानंतर डॉक्टर म्हणाले, "शाळेत जायच्या वेळेलाच होतं ना? नंतर बरी असते? टेन्शन आहे तिला. आजकाल मुलांना फार टेन्शन."

ते अंदाजानं बोलत होते, वाईट हेतूनं नाही. पण मी तिच्या नाकावर होतो, आणि डोळ्यांच्या इतक्या जवळ दुसरं कोणी नव्हतं. मला दिसत होतं ते त्यांना दिसत नव्हतं. श्रुतिका बाजूला पाहायची तेव्हा तिचा डावा डोळा कोपऱ्यापर्यंत जायचाच नाही. मध्येच अडकायचा. कधी दोन्ही बुबुळं उगाच थरथरायची. फळ्याकडे बघताना ती डावा डोळा मिटून घ्यायची आणि मी फक्त अर्धाच वापरला जायचो. मला समजत नव्हतं काय होतंय. पण पाव नंबरच्या काचेनं हे थांबणार नाही, एवढं मला कळत होतं, आणि तेव्हापासून मला भीती वाटू लागली.

श्रुतिका शाळेच्या लंगडीच्या संघात होती. तुम्ही लंगडी खेळला असाल, तर तुम्हाला माहीत आहे, एका पायावर तोल सांभाळत पळणाऱ्यांना गाठायचं असतं. श्रुतिका त्यात वाकबगार होती. एका दमात चार-चार जणींना बाद करायची. जानेवारीत वॉर्डातल्या शाळांचे सामने होते आणि श्वेता टीचर रोज शाळा सुटल्यावर सराव घ्यायच्या.

डिसेंबरच्या सुरुवातीला ती पहिल्यांदा पडली. उठून हसली. दुसऱ्या दिवशी तीनदा पडली, आणि तिन्ही वेळा डावीकडे. मी नाकावरून उडून मातीत पडलो. माझ्या काचेवरचा चरा तेव्हाचा.

"काय गं, लक्ष कुठे आहे तुझं?" श्वेता टीचर म्हणाल्या.

"टीचर, चष्मा हलतो."

हे खोटं होतं, मित्रांनो. ती पडेपर्यंत मी अगदी घट्ट बसलेलो होतो. तिनं माझं नाव घेतलं, कारण खरं सांगितलं असतं तर संघातून काढलं असतं. खरं हे होतं, की तिला समोर पळणाऱ्या मुली दोन-दोन दिसत होत्या. एकीला हात लावायला जावं, तर ती तिथे नसायचीच.

त्या रात्री जेवताना तिनं मान उजवीकडे कलती धरली होती. आता ती नेहमीच तशी धरायची. मान कलती केली की दोनचं एक दिसायचं, म्हणून. शेवंतीनं विचारलं, "गो चेडवा, मान वाकडी कित्या धरतंस?"

"असंच."

"सरळ धर बघू."

तिनं धरली. क्षणभरच. मग हळूहळू पुन्हा उजवीकडे गेली. शेवंतीनं मीठ-मोहऱ्या घेऊन तिची दृष्ट काढली, कारण तिला दुसरं काही करता येत नव्हतं. तव्यावर मोहऱ्या तडतडल्या आणि श्रुतिका आवाजानं कळवळली.

हळूहळू घराचा सूरच बदलला. श्रुतिकाचं अक्षर आधी मोत्यासारखं असायचं. आता ते रेघ सोडून वर-खाली जाऊ लागलं. गणिताच्या वहीवर लाल शेरा आला. नितेशनं वही पाहिली आणि त्याचा आवाज चढला.

"हे काय लिहिलंय? मुंग्या गेल्यात का वहीवरून?"

"बाबा, हात नीट जात नाही."

"हात नीट जात नाही म्हणजे काय? सकाळी उलटी, शाळेत झोप, घरी आली की चिडचिड. सगळी नाटकं आहेत. मोबाइल बंद कर तिचा जान्हवी, आजपासून."

श्रुतिकाचे डोळे भरून आले आणि माझ्या काचा धूसर झाल्या. मला तेव्हा तोंड असतं, तर मी ओरडलो असतो. तिला ओरडू नका, असं म्हणालो असतो. तिचं डोकं बघा, कोणीतरी आत बघा. पण चष्म्याला तोंड नसतं.

तेव्हा प्रत्येकाला एकेक गोष्ट माहीत होती. शेवंतीला उलट्या माहीत होत्या आणि वाकडी मान. डॉक्टरांनी पोट पाहिलं होतं. श्वेता टीचरना पडणं माहीत होतं, बाबांना अक्षर, सुलक्षणाताईंना डोकेदुखी. कोणीच वाईट नव्हतं. पण या सगळ्या गोष्टी एकाच जागी, एकाच माणसासमोर अजून कोणी मांडल्या नव्हत्या. आणि दोन दिसतात, ही गोष्ट तर श्रुतिकाच्या आणि माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो शनिवार आला. जान्हवीला सुट्टी होती. श्रुतिकानं तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं आणि ते सगळं पेल्याच्या शेजारी ओट्यावर सांडलं. तिनं पुन्हा ओतलं. पुन्हा शेजारी. जान्हवी हातातलं लाटणं तसंच धरून पाहत राहिली.

"श्रुती, तुला पेला दिसत नाहीये?"

"दिसतोय ना."

"मग?"

श्रुतिका सांडलेलं पाणी हातानं पुसू लागली. जान्हवीनं मला तिच्या डोळ्यांवरून काढलं, उजेडात धरलं, उलटसुलट केलं. मग म्हणाली, "काच चुकीची बसवली असणार त्या बाईंनी. चल. आत्ताच जाऊ."

मी चुकीचा असावा, असं मलाही मनापासून वाटत होतं. माझीच चूक निघू दे, काचा बदलू दे, हवं तर मला कचऱ्यात टाकू दे. जिन्यावरून उतरताना श्रुतिका कठडा दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी उतरत होती, आणि जान्हवी पुढे होती म्हणून तिला ते दिसलं नाही.

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. जान्हवीनं मला काउंटरवर आपटलं.

"मॅडम, बघा हा चष्मा. पोरगी पेल्यात पाणी ओतू शकत नाही. शाळेत पडते. चष्मा घातल्यापासून सगळं बिघडलंय."

सुलक्षणाताईंनी मला यंत्राखाली धरून तपासलं. "नंबर बरोबर आहे, ताई. आणि हा इतका कमी आहे, की यानं कोणी पडणार नाही." मग त्यांनी मला बाजूला ठेवलं आणि श्रुतिकाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "पडते म्हणजे कशी पडते?"

"लंगडी खेळताना, कालच टीचर म्हणाल्या. पण आता चालतानाही धडकते."

"मान अशी कलती कधीपासून धरते?"

"महिना झाला असेल. सासूबाई म्हणत होत्या."

"अजून काय होतं? मला सगळं सांगा. डोळ्यांचं नसलं तरी."

जान्हवी जरा गोंधळली. मग म्हणाली, "उलट्या होतात. सकाळी उठल्या उठल्या. डॉक्टर म्हणतात ॲसिडिटी."

"किती दिवस?"

"नोव्हेंबरच्या शेवटापासून."

सुलक्षणाताईंचा चेहरा बदलला. मी काउंटरवरून तो स्पष्ट पाहिला. त्यांनी गिऱ्हाइकांना थोडं थांबायला सांगितलं आणि श्रुतिकाला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं. जाताना जान्हवीनं मलाही उचलून हातात घेतलं.

"बाळा, मी एक बोट धरलंय," सुलक्षणाताई म्हणाल्या. "डोकं न हलवता बोटाकडे बघ. आता मी ते डावीकडे नेते. किती बोटं दिसतात?"

श्रुतिकानं आईकडे पाहिलं.

"आईकडे नको बघू. मी रागावणार नाही. आई पण नाही रागावणार."

"दोन."

"आई किती दिसतात?"

मग श्रुतिका रडायला लागली. "दोन. आई दोन दिसतात. मी सांगितलं असतं, तर टीचरनी मला काढलं असतं."

जान्हवीनं मला इतकं घट्ट धरलं, की माझी दांडी वाकली.

सुलक्षणाताईंनी एक छोटा दिवा काढला. त्यातून डोळ्याच्या आतला पडदा दिसतो. तिच्या डोळ्यापाशी अगदी जवळ जाऊन, श्वास रोखून त्यांनी पाहिलं. आधी उजवा, मग डावा, मग पुन्हा उजवा. दिवा खाली ठेवला.

"ताई, इथे बसा," त्या म्हणाल्या. "डोळ्याच्या मागे मेंदूकडून एक नस येते. ती दोन्ही बाजूंना सुजलीय. डोक्याच्या आत दाब वाढलाय, असा याचा अर्थ होतो. कशानं वाढलाय ते मी सांगू शकत नाही. पण तुम्हाला आजच, आत्ताच मोठ्या इस्पितळात जायला हवं. जिथे मुलांच्या मेंदूचे डॉक्टर आहेत, स्कॅन होतो, तिथे."

"म्हणजे... काय असेल?"

"बहुतेक मुलांचं डोकं साध्याच कारणानं दुखतं. पण सकाळची उलटी, तोल, मान, दोन दिसणं हे सगळं एकत्र असेल, तर गाठ नाही ना हे बघावंच लागतं."

गाठ हा शब्द त्या हळूच बोलल्या, तरी तो त्या खोलीत सगळ्यांना ऐकू आला. श्रुतिकालाही.

जान्हवीनं नितेशला फोन लावला. तो भांडुपला एका लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होता. फोनमधला त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

"चष्म्याच्या दुकानातली बाई सांगते आणि तू घाबरतेस? अगं, डॉक्टरांनी काही म्हटलं का असं? सोमवारी सुट्टी टाकतो. सोमवारी नाक्यावरच्या डॉक्टरांना विचारू."

सुलक्षणाताईंनी फोन मागितला. "भाऊ, मी सुलक्षणा. तुमच्या मुलीला चष्मा मीच दिला होता. तेव्हा मी फक्त नंबर काढला, आत बघितलं नाही. आणि बाकी काही विचारलं नाही. ती माझी चूक. आज बघितलंय. कृपा करून सोमवारपर्यंत थांबू नका. उद्यापर्यंतही नाही. माझं चुकीचं निघालं तर मला येऊन शिव्या द्या."

मग नितेश म्हणाला, "मी थेट इस्पितळात येतो."

सुलक्षणाताईंनी चिठ्ठी लिहिली. त्यात त्यांनी सगळं एकाखाली एक लिहिलं: उलट्या, डोकेदुखी, किती दिवस, तोल, मान, डोळा, नसेची सूज. तळाशी लिहिलं, आजच स्कॅन आवश्यक. खाली दोन रेघा मारल्या. मग इस्पितळाला फोन करून सांगितलं, एक मुलगी येतेय. टॅक्सीच्या दारापर्यंत त्या सोबत आल्या. "रस्त्यात झोपली आणि उठवून उठत नसेल, तर वाटेत जे पहिलं इस्पितळ येईल तिथे उतरा," एवढं जान्हवीच्या कानात सांगितलं.

तो प्रवास मी विसरू शकत नाही. श्रुतिकाचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि मी आईच्या मुठीत. घाटकोपरच्या पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. जान्हवी दर मिनिटाला म्हणायची, "श्रुती, जागी आहेस ना? सातचा पाढा म्हण." श्रुतिका म्हणायची. सात एके सात. सात दुणे चौदा. सात त्रिक एकवीस. मग थांबायची. प्रत्येक थांबण्याला जान्हवीची मूठ माझ्याभोवती आवळायची. मग पुढे, सात चोक अठ्ठावीस.

इस्पितळात गर्दी होती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, आज शनिवार, ओपीडी बंद, सोमवारी या. जान्हवीनं चिठ्ठी पुढे केली आणि हात काढलाच नाही. आतून एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं चिठ्ठी उभ्या उभ्या वाचली आणि तिथेच श्रुतिकाला म्हणाली, "नाकाच्या शेंड्याला बोट लाव. आता माझ्या बोटाला." श्रुतिकाचं बोट हवेतच भरकटलं. "आता या रेघेवरून चाल. पावलापुढे पाऊल." तेवढ्यात नितेश दारातून आत आला, ग्रीस लागलेल्या कपड्यांत. आपली मुलगी दोन पावलांत डावीकडे कोसळताना त्यानं पाहिली. त्यानं धावत जाऊन तिला झेललं. त्यानंतर त्यानं नाटक हा शब्द कधीही उच्चारला नाही.

स्कॅनच्या यंत्रात धातू चालत नाही. मी तिच्याजवळ जाऊ शकलो नाही. बाहेरच्या बाकावर मी नितेशच्या खिशात होतो आणि त्याचं हृदय कसं धडधडत होतं, ते मला कापडातून ऐकू येत होतं.

मोठ्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. "हा लहान मेंदू. डोक्याच्या मागे, मानेच्या वर. तोल तो सांभाळतो. इथे गाठ आहे. लिंबाएवढी. तिनं मेंदूतल्या पाण्याची वाट अडवलीय, म्हणून दाब वाढलाय."

"कॅन्सर आहे?" नितेशनं विचारलं.

"काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. आधी आज पाण्याचा दाब कमी करू. मंगळवारी ऑपरेशन."

"ती... वाचेल ना?"

"आम्ही सगळं करू. वेळेत आणलंत. अजून आठवडाभर उशीर झाला असता, तर मला हे बोलता आलं नसतं."

मंगळवारी सकाळी साडेआठला तिला आत नेलं. तिचे केस कापले होते. तिनं मला मागितलं. बाबा म्हणाले, आत चष्मा चालत नाही बाळा, माझ्याकडे ठेवतो. "हरवू नका," ती म्हणाली. दार बंद झालं.

पुढचे सात तास नितेश माझ्या काचा शर्टाच्या टोकानं पुसत होता. पुसायचा, उजेडात धरायचा, पुन्हा पुसायचा. मी स्वच्छच होतो. एकदा तो माझ्याकडे पाहत हळू आवाजात म्हणाला, "मी तिला म्हटलं, मुंग्या गेल्यात का वहीवरून." जान्हवीनं त्याचा हात धरला. शेवंती मोठ्यानं नाही, ओठातल्या ओठात देवाशी बोलत होती. सुलक्षणाताई दुपारी दुकान बंद करून आल्या आणि कोपऱ्यात उभ्या राहिल्या, जणू आपल्याला इथे बसायचा हक्क नाही. शेवंतीनंच त्यांना हात धरून बाकावर बसवलं. दार उघडायचं, कोणीतरी बाहेर यायचं आणि प्रत्येक वेळी आम्ही सगळे उभे राहायचो. म्हणजे ते उभे राहायचे, मी मुठीत असायचो. दर वेळी ते दुसऱ्याच कोणाचं नाव पुकारायचे.

साडेतीनला डॉक्टर आले. टोपी काढत म्हणाले, "गाठ निघाली. ती श्वास घेतेय. आता बघू, उठते कशी."

तिसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले. बोलली नाही. पुढेही बोलली नाही. अकरा दिवस ती एक शब्द बोलली नाही, आणि डॉक्टर म्हणत होते, मेंदूच्या या भागात ऑपरेशन झालं की कधी कधी असं होतं, शब्द परत येतील. शेवंती रोज तिच्या उशाशी बसून विचारायची, "काय गो, आजीवर रागावलंस?" बाराव्या दिवशी ती ओठ हलवत फार हळू म्हणाली, "पाणी." घरातल्या सगळ्या माणसांनी एकदम पेला उचलला.

मग गाठीचा अहवाल आला. हळू वाढणारी गाठ होती, पसरणारी नव्हती. पूर्ण काढलेली होती. दुसरं औषध लागणार नव्हतं. पण वर्षानुवर्षं स्कॅन करत राहावं लागणार होतं. जान्हवी तो कागद छातीशी धरून भिंतीला टेकली आणि खाली बसली.

तरी मी तुम्हाला सगळं गोड सांगणार नाही. श्रुतिका आता हळू बोलते, प्रत्येक शब्द शोधून. डावा हात अजून थरथरतो, त्याचे व्यायाम ती रोज करते. आणि डाव्या डोळ्याची नस इतके आठवडे दाबाखाली राहिली, की त्या डोळ्याला आता कडेचं दिसत नाही. ते परत येणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नवीन तपासणी केली आणि मला बाजूला ठेवायला सांगितलं. मी डबीत गेलो. सुलक्षणाताईंनी दुकानात प्रश्नांची एक वही केली; त्या घरी येतात तेव्हा त्यांच्याच तोंडून मी हे ऐकलं. आता डोकं दुखतं म्हणून कोणतंही मूल आलं, की त्या नंबर काढायच्या आधी विचारतात. कधी दुखतं, उठल्यावर दुखतं का, उलटी होते का, चालताना पडतोस का, दोन दिसतात का. बहुतेकांची उत्तरं साधी असतात. त्यांना त्या चष्मा देतात किंवा सांगतात, पाणी पी, वेळेवर झोप. गेल्या वर्षात दोन मुलांना मात्र त्यांनी आतला पडदा पाहून चिठ्ठी दिली. एकाचं काही निघालं नाही. दुसऱ्याचं मला माहीत नाही.

भीती या घरातून गेलेली नाही. स्कॅनची तारीख जवळ आली की जान्हवीच्या हातून भांडी पडतात. नितेश अधूनमधून विनाकारण विचारतो, बरं वाटतंय ना? मीही फळीवर कान देऊन असतो.

परवाची गोष्ट सांगतो. सकाळचे सात वाजले होते. जान्हवी आता घरूनच पोळ्यांच्या ऑर्डर घेते. तव्यावर पोळी होती. श्रुतिका अंथरुणातून म्हणाली, "आई. डोकं. दुखतंय."

घर थांबलं. पोळी करपल्याचा वास आला, तरी कोणी हललं नाही. मग जान्हवी गॅस बंद करून तिच्याजवळ गेली. आवाज शांत ठेवायचा ती किती प्रयत्न करत होती, ते मला ऐकू येत होतं. "उलटी येतेय? मी किती दिसते? माझ्या बोटाला हात लाव."

"एक. उलटी नाही. नाक. गळतंय."

तरी तिघांनी तिला इस्पितळात नेलं. घरात मी एकटा होतो. तो दिवस किती लांब होता, ते मी सांगू शकत नाही. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मी आवाज ऐकला. कोणी रडत नव्हतं. साधी सर्दी निघाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाली होती, आलात ते बरं केलंत, असंच येत जा.

श्रुतिका दिवाणावर बसली आणि शब्द शोधत म्हणाली, "बाबा. या वेळी. मी लगेच. सांगितलं. ना?"

"लगेच सांगितलंस," नितेश म्हणाला, आणि पुढे त्याला बोलता येईना.

मित्रांनो, मी एक साधा चष्मा. मला बोलता आलं असतं, तर मी त्या हिवाळ्यात सगळ्यांना सांगितलं असतं. तुम्हाला बोलता येतं. सकाळी डोकं दुखून उलटी होत असेल आणि ते परत परत होत असेल, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, तर लपवू नका. सामना हुकेल, टीचर रागावतील, आई घाबरेल, या कशासाठीही लपवू नका. आणि सांगूनही कोणी ऐकलं नाही, तर दुसऱ्या माणसाला सांगा. मग तिसऱ्याला. आईला, आजीला, टीचरना, चष्म्याच्या दुकानातल्या बाईंना. सगळं सांगा, एकच नाही. भीती वाटली, तर भीती वाटतेय हेही सांगा.